एकाच नंबरची दोन यंत्रं

ओलावामापक

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचतो. पण तीन आठवडे डोक्याला जो भुंगा लागलाय, तो इथल्या जाणकारांपुढे मांडल्याशिवाय निघायचा नाही, म्हणून धागा काढतोय. जरा लांब झालाय, सांभाळून घ्या.

नाशकात आमचा छोटासा धंदा आहे. द्राक्षबागांसाठी ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा कंट्रोलर बनवतो. आत एक ईएसपी-३२ (वाय-फायवाली छोटी कंट्रोलर चिप), मोडेम, चार रिले आणि मातीतला ओलावा मोजणारे दोन सेन्सर. शेतीची लाइट येणार रात्री दोनला, तेव्हा उठून बांधावर कोण जाणार? म्हणून शेतकरी मोबाइलवरूनच कोणता प्लॉट किती वेळ भिजवायचा ते ठरवतो. बोर्डाचं डिझाइन आमचं, सोल्डरिंग बाहेरून करून घेतो.

तर दिंडोरीच्या एका काकांचा फोन आला. "भाऊ, तुमचं यंत्र येड्यासारखं करतंय. आत्ता ओलावा अठरा दाखवतंय, चहा पिऊन येतो तर एक्केचाळीस." मला वाटलं उंदराने वायर कुरतडली. जाऊन सेन्सर बदलून आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रात्री सर्व्हरचा लॉग उघडून बसलो. त्यांचं यंत्र दर चार-पाच सेकंदांनी तुटत होतं आणि परत जोडलं जात होतं. एमक्यूटीटी (यंत्रं आणि सर्व्हर यांच्यात निरोप नेण्याची पद्धत) वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. एकाच आयडीचा दुसरा कोणी आला की ब्रोकर, म्हणजे निरोप वाटणारा सर्व्हर, पहिल्याला बाहेर काढतो. पहिला परत येतो, दुसऱ्याला काढतो. रात्रभर हीच खो-खो.

म्हणजे काकांच्या यंत्राला जुळा भाऊ होता. शोधत शोधत तो तासगावात सापडला. त्या गृहस्थांकडे ॲप कधी चाललंच नव्हतं, ते यंत्राच्या वाय-फाय पानावरून टायमर लावून भागवत होते. आणि "अधूनमधून मध्यरात्री पाणी आपोआप सुटतंय" म्हणून गड्याला बोल लावत होते! दिंडोरीहून दिलेला हुकूम त्या क्षणी जो भाऊ जोडलेला असेल त्याच्याकडे जायचा. डब्याचा फोटो मागवला. नंबर तोच, स्टिकर आमच्यासारखंच, फक्त क्यूआर थोडा बारीक.

आणखी शोधलं तर असे सात नंबर दुहेरी निघाले. आम्ही ५०० बोर्डांचं काम दिलं होतं, बाजारात त्याहून जास्त फिरतायत. सिरियल नंबर आणि सर्व्हरचा पासवर्ड दोन्ही साध्या फ्लॅशमध्ये, म्हणजे बोर्डाच्या कायमच्या मेमरीत, होते. केबल लावून फ्लॅश वाचायची आणि दुसऱ्या बोर्डावर ओतायची, दोन मिनिटांचं काम. जोडणीवाल्याचं नाव घेत नाही, वकिलाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय.

प्रश्न असा: यंत्राला असं काय द्यावं, की ते उचलून दुसऱ्याला देता येणार नाही?

---

खिडकीतला_कावळा

वाचनखूण साठवली. त्या गड्याची कोणीतरी माफी मागा रे.

---

सोल्डरगन

ओलावामापक, सोपा उपाय डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक ईएसपी-३२ च्या ई-फ्यूजमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या जागेत) कारखान्यातूनच मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख नंबर, जाळलेला असतो. फ्लॅश कॉपी केली तरी तो सोबत जात नाही. सर्व्हरवर सिरियल आणि मॅक यांची जोडी तपासा. जोडी जुळली नाही की हाकला.

---

रेवती_बी

सोल्डरगन, चोर पकडायला हे चालेल, चोरी थांबवायला नाही. मॅक वाचून सर्व्हरला सांगतं कोण? यंत्रातलं सॉफ्टवेअर. ते सॉफ्टवेअर आधीच दुसऱ्याच्या हातात आहे. "मी अमुक" असं खोटं सांगायला लावणं फार कठीण नाही, ईएसपीच्या लायब्ररीत मॅक बदलायचं फंक्शन आयतंच आहे. शिवाय वाय-फायच्या प्रत्येक पाकिटावर मॅक उघडा छापलेला असतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन दर नेटवर्कला वेगळाच मॅक दाखवतात, कारण त्यावरून माणसांचा माग काढला जायचा.

ओळख *सांगणं* वेगळं आणि *पटवणं* वेगळं. मॅक, फोनचा आयएमईआय नंबर, स्टिकरवरचा नंबर ही सगळी सांगितलेली नावं. पटवायची तर यंत्राजवळ असं गुपित हवं, जे ते कोणालाही सांगत नाही, पण आपल्याकडे आहे हे सिद्ध करू शकतं.

---

मोबाईल_डॉक्टर

आयएमईआयचं म्हणाल तर पंधरा आकडे. पहिले आठ मॉडेलचे, शेवटचा ताळा जुळवायचा. बाकी काही जादू नाही त्यात. २०२० मध्ये मेरठच्या पोलिसांना एकाच आयएमईआयवर १३,५०० हून जास्त फोन चालू असलेले सापडले होते. तुमचे सातच आहेत, सुखी माणूस आहात राव.

---

जुनाट_रेडिओ

रेवतीताई म्हणतात ते गुपित तुमच्या त्या मोडेममध्येच बसलंय, ओलावामापक. सिम कार्ड! उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सिममध्ये १२८ बिटांची एक चावी असते. तिचीच दुसरी प्रत कंपनीच्या केंद्रात. चावी हवेतून कधीच जात नाही. केंद्र एक आकडा फेकतं, सिम आतल्या आत त्या आकड्याला चावीचा हिसका देऊन उत्तर बाहेर टाकतं. केंद्राने स्वतः काढलेलं उत्तर तेच आलं की गिऱ्हाईक खरं. दर वेळी आकडा नवा, त्यामुळे मागचं उत्तर चोरून काही फायदा नाही. लहानपणी दाराआडून विचारायचो ना, "आपल्या गायीचं नाव काय?" तसंच, फक्त इथे दर वेळी गाय वेगळी.

पण यातही खोट निघाली. हिसका द्यायचं जुनं गणित १९९८ मध्ये फुटलं. कार्ड हातात असेल तर हजारो आकडे विचारून विचारून चावीच काढता यायची. शिवाय टू-जीमध्ये सिम स्वतःला सिद्ध करायचं, टॉवर कधीच नाही. खोटा टॉवर उभा केला तरी फोन त्याला मुकाट सलाम ठोकायचा. थ्री-जीपासून दोघांनीही एकमेकांना पटवायचं ठरलं. तेव्हा यंत्राने सर्व्हरला ओळख पटवावी, आणि सर्व्हरनेही यंत्राला. नाहीतर उद्या कोणीतरी तुमच्या सर्व्हरचं सोंग घेऊन सगळे व्हॉल्व्ह उघडेल.

बँकेच्या कार्डांचंही तेच. पट्टीवरचा मजकूर कोणीही दुसऱ्या पट्टीवर उतरवायचा. चिप आल्यावर ती उत्तरं द्यायला लागली. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या अखेरीपर्यंत पट्टीवाली कार्डं बदलायला लावली ती उगाच नाही.

---

ओलावामापक

काका, गायीचं उदाहरण लाखमोलाचं. पण सिम शेतकऱ्याचं असतं, तो कधीही दुसऱ्या कंपनीचं घालतो. माझं गुपित बोर्डावरच हवं.

---

सोल्डरगन

मॅकचा मुद्दा मागे घेतो. मग सिक्युअर एलिमेंट, म्हणजे गुपित सांभाळणारी वेगळी चिप, लावा. मायक्रोचिपची एटीईसीसी६०८ मी वापरलीय. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आठ पायांची, घाऊकात शंभर रुपयांच्या आत पडते. आय-टू-सीच्या (चिपांनी आपसात बोलायची पद्धत) दोन तारांवर बसते. खाजगी चावी ती आतच तयार करते आणि ती वाचायची आज्ञाच त्या चिपेत नाही. तुम्ही फक्त म्हणायचं, "यावर सही कर." सही बाहेर येते, चावी नाही.

एक सावधगिरीची सूचना, स्वतः भोगलेली. त्या चिपेचं कॉन्फिगरेशन एकदा लॉक केलं की ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही. मी एका स्लॉटचा बिट उलटा टाकून चाळीस चिपा लॉक केल्या होत्या. त्यांची माळ करून वर्कबेंचवर टांगलीय, नव्या पोरांना दाखवायला.

---

डचवासी

आयंडहोव्हनहून लिहितोय, चिपांच्याच गावातून. वर पफचा (फिजिकली अनक्लोनेबल फंक्शन, म्हणजे नक्कल न होणारा चिपेचा अंगचा ठसा) उल्लेख कोणी केला नाही याचं आश्चर्य वाटलं. इथल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून २००८ मध्ये त्यावर वेगळी कंपनीच निघाली होती.

कल्पना मोठी मजेची आहे. आतापर्यंत आपण चावी चिपेत *ठेवतो* म्हणालो. पफमध्ये चावी ठेवलेलीच नसते, ती चिपेच्या घडणीतच असते. आजीचं जातं आठवा. एकाच पाथरवटाने एकाच दगडातून दोन जाती घडवली, टाके तेवढेच घातले, तरी दोन्हींचं पीठ सारखं पडत नाही. कारखान्यात चिपांचंही तसंच. एसरॅमच्या (चिपेतल्या तात्पुरत्या मेमरीच्या) एका पेशीत सहा ट्रान्झिस्टर असतात, दोन इन्व्हर्टर (घरातले नव्हे, शून्याचं एक करणारी सर्किटं) एकमेकांत तोंड खुपसून बसलेले. वीज चालू होताच पेशीला शून्य व्हायचं की एक, हे ठरवावं लागतं. कागदावर दोन्ही बाजू समान. प्रत्यक्षात एक बाजू केसभर अधिक उत्सुक, रिकामा तराजूही एका अंगाला कललेला असतो ना, तशी. त्यामुळे बहुतेक पेशी दर वेळी त्याच बाजूला पडतात. लाखो पेशींचा हा कल म्हणजे त्या चिपेचा ठसा. तो ठरवून बनवणं खुद्द कारखान्यालाही जमत नाही.

घरी करून पाहता येतं. माझ्याकडे दोन जुने अर्डुइनो (शिकायचे छोटे कंट्रोलर बोर्ड) पडले होते, दोघांत २ केबी एसरॅम. चालू होताच, कोडने हात लावायच्या आत, ती मेमरी सिरियलवर ओकायला लावली. पहिल्यांदा फसलो. बोर्ड बंद करून लगेच चालू केला तर मागच्या वेळचाच मजकूर रेंगाळत होता. पुरती वीज उतरू दिली तेव्हा जमलं. एकच बोर्ड दहा वेळा पाहिला तर थोडेच बिट इकडचे तिकडे. दोन बोर्डांची तुलना केली तर जवळपास निम्मे वेगळे.

ते "थोडेच बिट" हीच खरी डोकेदुखी. चावीत एक बिट चुकला तरी कुलूप उघडत नाही, आणि उन्हात तापल्यावर अजून चुकतात. म्हणून चूक सुधारायला थोडी मदतनीस माहिती बाहेर साठवतात. ती उघडी असली तरी तिच्यावरून चावी कळत नाही, अशी गणिताची सोय आहे. आणि अवांतर: याचे पूर्वज चिपांच्याही आधीचे. शीतयुद्धात क्षेपणास्त्रं मोजताना प्रत्येकावर चकाकणाऱ्या कणांचा लेप फवारून, त्या कणांच्या विखुरण्यावरून ते ओळखायची युक्ती अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने काढली होती.

---

खिडकीतला_कावळा

म्हणजे चिपेला पत्रिका असते आणि ती जन्मवेळेवरून ठरते. इतके दिवस उगाच हसत होतो.

---

रेवती_बी

डचवासी, सुंदर समजावलंत. पण "कॉपी करताच येत नाही" हे जाहिरातीत शोभतं. २०१३ मध्ये संशोधकांनी एका चिपेचा एसरॅमचा ठसा वाचून आयनांच्या झोताने दुसऱ्या चिपेच्या पेशी कोरून तसाच ठसा उमटवला होता. काही जातीच्या पफची थोडी प्रश्नोत्तरं गोळा केली की संगणक पुढची उत्तरं शिकून घेतो. ओलावामापकांच्या जोडणीवाल्याकडे आयनांचा झोत नसावा, ते सोडा. पण कोणत्याही चिपेपुढे हात जोडून उभं राहू नका, एवढंच.

ईएसपी-३२ च्या जुन्या आवृत्तीचं उदाहरण घ्या. ई-फ्यूजमधली वाचायला बंद केलेली चावी २०१९ मध्ये एकाने विजेला नेमका झटका देऊन वाचून दाखवली. सिलिकनच बदलावं लागलं. एटीईसीसीची आधीची ५०८ लेझरने फोडली गेली. २०१७ मध्ये तर एका नामांकित चिपेच्या चाव्या बनवणाऱ्या लायब्ररीतच दोष निघाला, चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या मंडळींनी शोधला. एस्टोनियाची साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रं त्यात सापडली. त्यांच्याकडे चावी दुरून बदलायची सोय होती म्हणून निभावलं.

---

डचवासी

रेवतीताईंशी सहमत. आमच्या इथल्या बस-रेल्वेच्या कार्डातली चिपही २००८ मध्ये नाइमेखनच्या विद्यापीठाने उघडी पाडली. तिचं गणित गुप्त ठेवलं होतं, चावी जेमतेम ४८ बिटांची. बनवणारी कंपनी त्या शोधनिबंधाची छपाई थांबवायला कोर्टात गेली आणि हरली.

---

सेतूवाला

मी तांत्रिक नाही, पण हा विषय माझ्या काउंटरवर रोज असतो. आधारवर पैसे काढून द्यायचं काम करतो. आधी बोटाच्या ठशाचं जे मशीन होतं त्याला एल झिरो म्हणायचे, आता एल वन घ्यावं लागलं. दिसायला सारखंच, दाम जास्त. मी चिडलो होतो. मग पुरवठादाराच्या पोराने सांगितलं, की जुन्यात ठशाला कुलूप लावायचं काम माझ्या कॉम्प्युटरवर व्हायचं, नव्यात मशीनच्या पोटातच होतं. मधल्या वायरीत कोणी डोकावून उपयोग नाही. तुम्ही म्हणताय ते हेच ना?

---

रेवती_बी

अगदी हेच, दादा. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय शिरलंय हे देवाला माहीत, म्हणून विश्वास मशीनच्या आत हलवला. सीसीटीव्हीलाही एप्रिल २०२५ पासून भारतात अशीच अट आहे. प्रत्येक कॅमेऱ्याची चावी वेगळी, सुरक्षित चिपेत किंवा तत्सम ठेवलेली, आणि डीबगच्या पिना (ज्यांना केबल लावून आतलं वाचता येतं त्या) बंद. ती तिसरी अट ओलावामापकांनी पहिली वाचावी.

---

मोबाईल_डॉक्टर

सगळे चिपेच्या आरत्या ओवाळताय, म्हणून उलटी बाजू सांगतो. माझ्या टेबलावर रोज फोन येतात. अस्सल फोनची अस्सल स्क्रीन काढून दुसऱ्या अस्सल फोनला लावली, तरी "ओळख पटली नाही" म्हणून रडणारे फोन आहेत. बॅटरीचं तेच, प्रिंटरच्या शाईच्या डबीचं तेच. चोर पकडायला आणलेलं कुलूप मालकालाच बाहेर ठेवतं. ओलावामापक भाऊ, उद्या वीज पडून शेतकऱ्याचा बोर्ड जळला आणि गावातल्या पोराने दुसऱ्या यंत्राचा बोर्ड बसवला, तर तुमची चिप त्याला हाकलणार का?

---

ओलावामापक

डॉक्टर, वर्मी लागलं. विचार केला नव्हता.

---

जुनाट_रेडिओ

त्याला तोड आहे. ८०२.१एआर नावाचं मानक याचसाठी आहे. यंत्राला दोन ओळखी द्यायच्या. एक कारखान्यातली, जन्मदाखल्यासारखी, कधी न बदलणारी. दुसरी मालकाने दिलेली, रेशनकार्डासारखी. घर बदललं की रेशनकार्ड बदलतं, जन्मदाखला नाही. नवा बोर्ड बसवला की जन्मदाखला दाखवून नवं रेशनकार्ड काढायचं, शेतकऱ्याच्या फोनवर एक होकार घेऊन. जन्मदाखला खोटा असेल तरच हाकला.

---

रेवती_बी

आता मूळ प्रश्नावर. ओलावामापक, तुमचं कुलूप फोडलं गेलंच नाही, किल्ली तुम्हीच टेबलावर ठेवून आलात. फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर), सिरियलची एक्सेल फाइल, पासवर्ड, सगळं जोडणीवाल्याच्या टेस्ट-जिगवर (बोर्ड तपासायच्या मांडणीवर) होतं ना? मग तिथे भारीतली भारी चिप लावा, तिच्यात चावी तोच घालणार असेल तर रात्रपाळीत तो अजून दोनशे बोर्डांतही घालेल.

सोनाराकडे सोनं कसं देता? तोलून. दागिना परत घेता तेव्हा पुन्हा तोलता, घट किती धरायची ते आधी ठरलेलं. तसंच करा. चावी आधीच घातलेल्या चिपा मागवता येतात. तुम्ही ३०० चिपा मोजून द्या, त्यांच्या सार्वजनिक चाव्यांची (आतल्या खाजगी चावीची उघडी जोडीदार, जिच्यावरून सही तपासता येते) यादी तुमच्या सर्व्हरवर राहू द्या. फर्मवेअर त्याच्याकडे खुशाल असू दे. ३०१ वा बोर्ड बनवायचा तर चिप आणणार कुठून? बाजारातून तशीच कोरी आणली तर ती तुमच्या यादीत नाही. तुमची चिप उखडून दुसऱ्या बोर्डावर बसवली तर पहिला बोर्ड मेला, संख्या तेवढीच राहिली. आणि फुकट गेलेले बोर्ड चिपेसकट परत घ्या. घट धरा, पण मोजून.

विकून झालेल्या ५०० चं काय? तिथे सोल्डरगन यांचा मॅकवाला उपाय तात्पुरता चालेल. फक्त घाईने सगळ्यांना अपडेट पाठवू नका, ते जुळ्या भावांनाही पोचेल.

---

सोल्डरगन

सोनाराची उपमा टांगलेल्या माळेशेजारी चिकटवतो. एक भर: ईएसपीच्या सी३, एस३ या नव्या चिपांत सही करायचं यंत्र आतच आहे. गुप्त चावी ई-फ्यूजमध्ये, सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. वेगळी चिप लावायची गरज उरत नाही. पण मग ते फ्यूज तुमच्या ऑफिसात, तुमच्या हाताने जाळा.

---

ओलावामापक

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. सगळ्यांचे आभार, विशेषतः रेवतीताई आणि डॉक्टर.

काय केलं ते: जोडणीवाला बदलला. नव्याला ३०० चिपा मोजून दिल्या, कागदावर सही घेऊन. त्याला विचित्र वाटलं, म्हणाला इतकी वर्षं कोणी चिपांची रीळ मोजून दिली नाही. चिपांच्या चाव्या सर्व्हरवर आहेत, पण बोर्ड आमच्याकडे येऊन तपासून होईपर्यंत बंद ठेवलेल्या. सर्व्हरचं सर्टिफिकेटही यंत्र तपासतं, जुनाट काकांच्या सांगण्यावरून. बोर्ड बदलला तर शेतकऱ्याच्या फोनवर होकार मागतो. दिंडोरीच्या काकांना पहिला नवा बोर्ड बसवून दिला, ओलावा आता एकच आकडा दाखवतो. तासगावच्या गृहस्थांनाही अर्ध्या किमतीत दिला. त्यांचा गडी बसवायला हजर होता, त्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हणतच होतो."

३०० पैकी २९१ चालू बोर्ड आले, सहा जळालेले परत आले. तीन चिपांचा हिशेब लागेना. नवा माणूस म्हणतो मशीनमध्ये उडाल्या असतील, त्या आकाराच्या चिपा उडतात हे खरंही आहे. त्या तीन चाव्या बंदच ठेवल्या.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्यातल्या एकीने सर्व्हरचं दार ठोठावलं.

---

खिडकीतला_कावळा

कुठून??

---

ओलावामापक

तेच शोधतोय. सर्व्हरने आत घेतलं नाही, पण सकाळपर्यंत अकरा वेळा ठोठावून गेली. नव्या माणसाला अजून काही बोललो नाही. सोमवारी रिळाचा कागद घेऊन जातोय.